ऑटोकॅडचं सेटिंग रोज का उडतं?

प्रश्न : मी सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. ऑटोकॅडमधली माझी सेटिंग्ज टिकतच नाहीत. सकाळी ओस्नॅप लावून काम सुरू करतो, दुपारी पाहावं तर ते बंद. नवीन ड्रॉइंग उघडलं की तुटक रेषा अखंड दिसायला लागतात आणि एलटीस्केल पुन्हा टाकावा लागतो. टूलबार हवे तिथे लावून ठेवले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मूळ जागी. परवा तर ओपन म्हटल्यावर फाइल निवडायची खिडकीच उघडेना, कमांड लाइनवर फाइलचं नाव विचारलं जात होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तरी काही फरक नाही. सेटिंग कायमचं सेव्ह करायचं एखादं बटण आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असं एकच बटण ऑटोकॅडमध्ये नाही, कारण सगळी सेटिंग्ज एका जागी राहतच नाहीत. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत आणि चारही तक्रारींची मुळं वेगळी आहेत. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही साधलं नाही, ते यामुळेच. पुन्हा टाकताना प्रोग्रामच्या फाइल्स बदलतात. विंडोजमध्ये तुमच्या लॉगिनखाली साठलेल्या नोंदी आणि फाइल्स बऱ्याचदा तशाच मागे राहतात, आणि तुमच्या ड्रॉइंगना तर कुणी हातच लावलेला नसतो. दिवसभराचं काम थांबवून, पैसे देऊन केलेली ही दुरुस्ती वाया जाते आणि ड्राफ्ट्समनला वाटतं की आपल्यालाच सॉफ्टवेअर नीट येत नाही. तसं मुळीच नाही. कोणतं सेटिंग कुठे साठतं एवढं कळलं, की यातल्या बहुतेक अडचणी ज्याच्या त्याला सोडवता येतात.

(खाली कमांड आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिली आहेत. ऑटोकॅडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावीत.)

सेटिंग साठतं कुठे?

ऑटोकॅडमधल्या बहुतेक सेटिंगमागे एक सिस्टिम व्हेरिएबल असतं. ‘सेटव्हार’ कमांड मारून आधी प्रश्नचिन्ह आणि मग तारका टाकली, की ही सगळी यादी चालू किमतींसह समोर येते. हेल्पमध्ये प्रत्येक व्हेरिएबलचं स्वतंत्र पान आहे आणि ते कुठे साठतं हेही त्या पानावर लिहिलेलं असतं. त्यावरून व्हेरिएबल्सचे मुख्यतः तीन प्रकार पडतात.

पहिली जागा म्हणजे ड्रॉइंगची फाइल. एलटीस्केल, युनिट, ऑर्थो, ग्रिड, स्नॅप, फिलेटची त्रिज्या, मिरर केल्यावर अक्षरं उलटी व्हावीत की नाही हे ठरवणारं ‘मिरटेक्स्ट’, शिवाय लेयर आणि डायमेन्शन स्टाइल, हे सगळं त्या त्या ड्रॉइंगबरोबर साठतं. दुसरं ड्रॉइंग उघडलं की त्या ड्रॉइंगची सेटिंग्ज लागू होतात.

दुसरी जागा म्हणजे विंडोजची रजिस्ट्री, तीही तुमच्या लॉगिनपुरती. कोणते ओस्नॅप चालू आहेत हे सांगणारं ‘ओएसमोड’, निवडीची पद्धत ठरवणारं ‘पिकअ‍ॅड’, फाइलची खिडकी उघडायची की नाही हे ठरवणारं ‘फाइलडाया’, आपोआप सेव्ह किती मिनिटांनी व्हावं हे सांगणारं ‘सेव्हटाइम’, कर्सरच्या फुलीचा आकार ठरवणारं ‘कर्सरसाइझ’, ही सगळी इथे असतात. यांचा ड्रॉइंगशी संबंध नाही. त्याच कॉम्प्युटरवर सहकाऱ्याने स्वतःच्या लॉगिनने काम केलं, तर त्याच्या किमती वेगळ्या असतील.

तिसऱ्या प्रकारातली व्हेरिएबल्स कुठेच साठत नाहीत. ‘एक्सपर्ट’ आणि ‘सीएमडीइको’ ही त्यातली. ऑटोकॅड बंद केलं की ती मूळ किमतीवर जातात. ती टिकत नाहीत म्हणून शोधाशोध करू नये, कारण ती टिकण्यासाठी केलेलीच नाहीत.

ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे. बोर्डावर कागद लावून काम चालायचं तेव्हा स्केल आणि रेषांचे प्रकार शीटवर असायचे, कारण साइटवर ती शीट वाचणाऱ्याला ते दिसायला हवेत. पेन्सिल आणि सेट-स्क्वेअर मात्र ज्याचे त्याचे. ऑटोकॅडनेही तेच तत्त्व ठेवलं आहे. तुमचं ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलं तर तुटक रेष तिथेही तुटकच दिसायला हवी, म्हणून एलटीस्केल ड्रॉइंगमध्ये. तुम्हाला कोणता ओस्नॅप लागतो याच्याशी त्या इंजिनिअरला काही देणंघेणं नाही, म्हणून ओएसमोड तुमच्या लॉगिनखाली.

हे पाठ करायची गरज नाही. ‘ऑप्शन्स’ची खिडकी उघडून नीट पाहा. काही सेटिंगच्या शेजारी ड्रॉइंग फाइलचं छोटं चिन्ह दिसेल. ते चिन्ह असेल तर सेटिंग फक्त चालू ड्रॉइंगपुरतं, नसेल तर तुमच्या लॉगिनचं.

तक्रार पहिली : नवीन ड्रॉइंगमध्ये एलटीस्केल जातो

तो जात नाही. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो जसाच्या तसा आहे. नवीन ड्रॉइंग ज्या टेम्प्लेटवरून तयार होतं, त्या टेम्प्लेटमधला एलटीस्केल १ आहे, एवढंच.

तुटक रेषा अखंड का दिसतात, हे आकड्यांवरून लगेच कळेल. मेट्रिकच्या ‘अकॅडआयसो’ लाइनटाइप फाइलमध्ये हिडन रेषेचा एक तुकडा ६.३५ युनिटचा असतो आणि मधली फट ३.१७५ युनिटची. तुम्ही मिलिमीटरमध्ये घराचा प्लॅन काढता. १० मीटरच्या भिंतीवर सहा मिलिमीटरचे तुकडे पडद्यावर वेगळे दिसणारच नाहीत. त्यातून टेम्प्लेट इंचाचं, म्हणजे नुसतं ‘अकॅड’ नावाचं निवडलं गेलं, तर अवस्था आणखी वाईट होते. त्याच्या लाइनटाइप फाइलमध्ये तोच तुकडा ०.२५ युनिटचा आहे, म्हणजे २५.४ पट बारीक. हॅचचंही तसंच : इंचाची पॅटर्न फाइल वापरली गेली की मिलिमीटरच्या प्लॅनवर हॅच इतकं दाट होतं की काळा ठिपका वाटावा.

उपाय एकदाच करायचा आणि कायमचं सुटायचं. ‘अकॅडआयसो’ टेम्प्लेटवरून एक कोरं ड्रॉइंग घ्या. त्यात युनिट, एलटीस्केल, लेयर, टेक्स्ट स्टाइल, डायमेन्शन स्टाइल, ऑफिसचं टायटल ब्लॉक असलेले लेआउट हे सगळं मनासारखं करा. मग सेव्ह-अ‍ॅजमध्ये फाइलचा प्रकार ‘ड्रॉइंग टेम्प्लेट’ निवडून, म्हणजे डीडब्ल्यूटी म्हणून ठेवा. त्यानंतर ऑप्शन्समधल्या ‘फाइल्स’ टॅबमध्ये ‘टेम्प्लेट सेटिंग्ज’खाली क्यून्यूसाठीची टेम्प्लेट फाइल म्हणून तिचं नाव द्या. आता क्विक अ‍ॅक्सेसमधल्या ‘न्यू’च्या बटणाने उघडलेलं प्रत्येक ड्रॉइंग तुमच्याच सेटिंगने सुरू होईल.

बांधकाम परवानगीची ड्रॉइंग करणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. ऑनलाइन तपासणीसाठी दाखल होणाऱ्या ड्रॉइंगमध्ये लेयरची ठरलेली नावं लागतात. ती दरवेळी हाताने करत बसण्यात वेळ जातो आणि चुका होतात. टेम्प्लेटमध्ये एकदा बसवली की काम झालं.

टेम्प्लेट जुन्या ड्रॉइंगला लागू होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी कंट्रोल आणि २ दाबून डिझाइन सेंटर उघडा आणि टेम्प्लेटमधले लेयर, डायमेन्शन स्टाइल तिथून ओढून जुन्या ड्रॉइंगमध्ये टाका.

तक्रार दुसरी : ओस्नॅप आपोआप बंद होतं

ओएसमोड रजिस्ट्रीत साठतं, म्हणजे ते टिकायला हवं. टिकत नसेल तर कुणीतरी ते बदलतंय. कोण, हे किमतीवरून कळतं. पुढच्या वेळी ओस्नॅप गेलं की लगेच सेटिंगची खिडकी उघडू नका. आधी ‘ओएसमोड’ टाइप करून आकडा पाहा.

हा आकडा म्हणजे चालू असलेल्या ओस्नॅपची बेरीज असते. एंडपॉइंटचा १, सेंटरचा ४, इंटरसेक्शनचा ३२, एक्स्टेन्शनचा ४०९६. ऑटोकॅड नवीन टाकल्यावर हे चार चालू असतात, म्हणून मूळ किंमत ४१३३. एफ-३ दाबून ओस्नॅप बंद केलं तर या बेरजेत १६३८४ मिळवले जातात आणि आकडा २०५१७ होतो. म्हणजे तुमची निवड शाबूत आहे, फक्त तात्पुरती थांबवली आहे. आकडा १६३८४ च्या वर दिसला तर समजा की एफ-३ दाबलं गेलं आहे. पुन्हा एफ-३ दाबा, काम झालं.

आकडा शून्य आला तर मात्र निवडच पुसली गेली आहे, आणि हे काम बहुतेक वेळा एखाद्या लिस्पचं, म्हणजे ऑटोलिस्प भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं असतं. जिन्याच्या पायऱ्या काढणारे, क्षेत्रफळ लिहिणारे, दारं-खिडक्या बसवणारे लिस्प ऑफिसाऑफिसांतून फिरत असतात. असा प्रोग्राम बिंदू टाकताना ते भलत्याच ओस्नॅपवर चिकटू नयेत म्हणून आधी ओएसमोड शून्य करतो आणि काम संपताना जुनी किंमत परत ठेवतो. तुम्ही मध्येच एस्केप दाबलं, की तो शेवटपर्यंत पोचत नाही आणि शून्य तसाच राहतो. चांगल्या लिस्पमध्ये यासाठी चूक हाताळणारं फंक्शन लिहिलेलं असतं. ते एस्केप दाबल्यावरही जुनी किंमत परत ठेवतं. तुमच्या लिस्पमध्ये ते नसेल तर लिहिणाऱ्याकडून घालून घ्या. चार ओळींचं काम आहे.

दुसरी शक्यता म्हणजे ऑटोकॅड सुरू होताना आपोआप चढणाऱ्या फाइल्स. ‘अकॅड’ नावाची लिस्प फाइल एरवी एका सत्रात एकदाच चढते. ‘अकॅडडॉक’ नावाची लिस्प मात्र प्रत्येक ड्रॉइंग उघडताना चढते. तिच्यात कुणी ओएसमोडची किंमत लिहून ठेवली असेल तर तुम्ही काहीही करा, पुढचं ड्रॉइंग उघडलं की तीच किंमत येणार. याशिवाय ‘अ‍ॅपलोड’ कमांडच्या खिडकीतल्या ‘स्टार्टअप सूट’मध्येही असे प्रोग्राम लावलेले असू शकतात. तिथली यादी एकदा उघडून पाहाच.

खात्री करायची असेल तर डेस्कटॉपवरच्या ऑटोकॅडच्या शॉर्टकटची एक प्रत करा. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच ‘नोलिस्प’ लिहा. या शॉर्टकटने उघडलेल्या ऑटोकॅडमध्ये लिस्प चालत नाहीत. असं उघडल्यावर ओस्नॅप दिवसभर टिकलं, तर दोष लिस्पचाच.

इथे एक धोका गांभीर्याने सांगायला हवा. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगशेजारी ‘अकॅड’ किंवा ‘अकॅडडॉक’ नावाची लिस्प, फास किंवा व्हीएलएक्स फाइल दिसली आणि ती तुम्ही ठेवलेली नसेल, तर तो व्हायरस असू शकतो. पेन ड्राइव्हवरून किंवा झिप फाइलमधून ड्रॉइंगबरोबर ती येते, आपली नक्कल प्रत्येक फोल्डरमध्ये करते, व्हेरिएबल्स बदलते, कधी एक्सप्लोडसारख्या नेहमीच्या कमांडही बंद पाडते. २०१२ साली ‘मेड्रे’ नावाचा ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला वर्म मुख्यतः पेरू देशात सापडला. तो उघडलेली ड्रॉइंग परस्पर चीनमधल्या ई-मेल खात्यांवर पाठवत होता. ऑटोकॅड २०१४ पासून ‘सिक्युअरलोड’ हे व्हेरिएबल आहे. त्याची किंमत १ असेल तर विश्वासार्ह म्हणून न नोंदलेल्या फोल्डरमधली फाइल चढवण्याआधी ऑटोकॅड विचारतं. घाईत त्याला होकार देऊ नका, आणि हा प्रश्न कटकटीचा वाटतो म्हणून किंमत शून्य तर कधीच करू नका.

तक्रार तिसरी : फाइलची खिडकी उघडत नाही

हे सगळ्यांत सोपं. ‘फाइलडाया’ शून्य झालं आहे. टाइप करून १ द्या, खिडकी परत येईल. स्क्रिप्ट किंवा लिस्प चालवताना खिडकी मध्ये येऊ नये म्हणून हे व्हेरिएबल मुद्दाम शून्य केलं जातं. स्क्रिप्ट मध्येच थांबली की ते तसंच राहतं आणि रजिस्ट्रीत साठत असल्याने दुसऱ्या दिवशीही तसंच असतं. म्हणजे इथे सेटिंग सेव्ह होत नाही असं नाही, नको ते सेव्ह झालं आहे. अडलेल्या क्षणी कमांड लाइनवर फाइलचं नाव विचारलं जात असताना टिल्डचं चिन्ह (~) देऊन एंटर मारलं, तरी तेवढ्यापुरती खिडकी उघडते.

याच जातीची एक अडचण पुष्कळांना येते. एक वस्तू निवडून दुसरी निवडायला जावं तर पहिलीची निवड सुटते. तिथे ‘पिकअ‍ॅड’ शून्य झालेलं असतं. प्रॉपर्टीजच्या पॅलेटवर वरच्या बाजूला एक छोटं बटण असतं, त्यावर चुकून क्लिक झालं की हे होतं. किंमत २ द्या.

तक्रार चौथी : टूलबार जागेवर राहत नाहीत

इथे खरोखर सेव्ह न होण्याचा प्रश्न आहे आणि कारणं अनेक असू शकतात. सोप्यापासून सुरुवात करू.

खाली उजवीकडच्या दातेरी चाकाच्या बटणावरून वर्कस्पेस निवडली, की तिच्यात साठवलेली मांडणी परत येते आणि तुम्ही केलेली जुळवाजुळव जाते. म्हणून मांडणी मनासारखी झाली की त्याच बटणातून ‘सेव्ह करंट अ‍ॅज’ करून तिला स्वतःचं नाव द्या. वर्कस्पेसमधले बदल आपोआप साठावेत असं वाटत असेल तर ‘डब्ल्यूएसऑटोसेव्ह’ची किंमत १ करा. मुळात ती शून्य असते.

दुसरं, मांडणी फाइलमध्ये लिहिली जाते ती ऑटोकॅड नीट बंद करताना. लाइट गेली, ऑटोकॅड अडकलं म्हणून टास्क मॅनेजरमधून बंद केलं किंवा ते स्वतःच क्रॅश झालं, तर त्या सत्रातले बदल लिहिले जात नाहीत. तुमच्याकडे यूपीएस नसेल तर हे कारण आधी तपासा. नवीन मांडणी केल्यावर एकदा ऑटोकॅड नीट बंद करून पुन्हा उघडायची सवय ठेवा.

तिसरं, एकाच वेळी दोनदा ऑटोकॅड उघडलं असेल तर जे शेवटी बंद होईल त्याची मांडणी आधीच्यावर लिहिली जाते. मांडणी बदलताना एकच ऑटोकॅड उघडं ठेवा.

चौथं, ‘फिक्स्डप्रोफाइल’ नावाची एडब्ल्यूएस फाइल. ती खराब झाली किंवा तिच्यावर ‘रीड-ओन्ली’ची खूण पडली, की ऑटोकॅडला तिच्यात लिहिता येत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही. ऑटोकॅड बंद करा. विंडोजच्या रन खिडकीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ लिहून एंटर मारा. तिथून ऑटोडेस्क, मग तुमच्या आवृत्तीचं फोल्डर, पुढे सपोर्ट आणि प्रोफाइल्स असं आत जा. फाइल सापडली की प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण काढा. तेवढ्याने भागलं नाही तर फाइलचं नाव बदला, पण ती पुसू नका. ऑटोकॅड पुन्हा उघडलं की ते नवी फाइल तयार करतं.

पाचवं कारण पुष्कळ ऑफिसांत दिसतं. सहकाऱ्याची सेटिंग्ज आवडली म्हणून त्याचं प्रोफाइल एआरजी फाइलमधून आपल्याकडे घेतलं जातं. त्या फाइलमध्ये त्याच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचे पूर्ण पत्ते असतात, त्याच्या विंडोज लॉगिनच्या नावासकट. तुमच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर नसतंच, किंवा असलं तरी तिथे लिहायची परवानगी तुम्हाला नसते. प्रोफाइल आयात करताना समोर येणाऱ्या खिडकीत पत्त्यांची माहिती घ्यायची का, अशी एक चौकोनी खूण असते. ती काढून टाका. आपण कोणत्या प्रोफाइलमध्ये आहोत हे ‘सीप्रोफाइल’ टाइप केल्यावर दिसतं, आणि आपल्या फाइल्स कुठे साठतात हे ‘रोमेबलरूटप्रिफिक्स’ टाइप केल्यावर. दुसऱ्याचं नाव त्या पत्त्यात दिसलं तर तिथेच चूक आहे.

सहावं, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. तुमचं लॉगिन साधं असेल आणि ऑटोकॅड उघडताना दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड दिला जात असेल, तर त्या सत्रातली सगळी सेटिंग्ज त्या खात्याच्या नावावर साठतात. नंतर साध्या पद्धतीने उघडलं की ती दिसत नाहीत. सॉफ्टवेअर टाकताना अ‍ॅडमिन लागतो, रोजच्या कामाला तो वापरू नये.

रीसेट कधी करावं?

शेवटी. स्टार्ट मेनूमध्ये ऑटोकॅडच्या फोल्डरखाली ‘रीसेट सेटिंग्ज टू डीफॉल्ट’ आहे. वरचं सगळं तपासून झालं आणि तरी अडचण राहिली तरच ते करा. सुरुवातीला ते तुमच्या सेटिंगची प्रत ठेवायचं विचारतं. त्याला होकार द्या. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं त्याच्याही नंतर.

ऑटोकॅड २०१६ पासून ‘सिसव्हारमॉनिटर’ ही कमांड आहे. तुम्हाला महत्त्वाची वाटणारी व्हेरिएबल्स आणि त्यांच्या हव्या त्या किमती तिच्या यादीत घाला. त्यातली एखादी बदलली की ऑटोकॅड इशारा देतं आणि एका क्लिकवर सगळ्या किमती परत आणता येतात. लिस्प वापरणाऱ्या प्रत्येकाने ही सोय चालू ठेवावी.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काल केलेली सेटिंग्ज आज नसतात. टेम्प्लेटसुद्धा गायब असतं. सरांनी सांगितलं, असंच चालतं. यावर काहीच करता येत नाही का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अनेक लॅबमध्ये असं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, की कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की सगळं मूळ स्थितीत येतं. शेकडो मुलं वापरत असलेल्या कॉम्प्युटरसाठी ते आवश्यक आहे, त्यामुळे ते बंद करायचा प्रयत्न करू नका. आपलं टेम्प्लेट पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘न्यू’ करताना ते ब्राउझ करून निवडा. युनिट, लेयर, डायमेन्शन स्टाइल हे सगळं ड्रॉइंगमध्ये साठत असल्याने ते तुमच्याबरोबर येईल. उरतात ओस्नॅपसारखी चार-पाच सेटिंग्ज. त्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. ओएसमोडचा एक आकडा टाइप केला की सगळे ओस्नॅप एकदम लागतात, खिडकीत एकेक खूण करत बसावं लागत नाही. प्रॅक्टिकल परीक्षेत अनोळखी कॉम्प्युटर समोर आला तरी ही सवय उपयोगी पडते.

प्रश्न : प्रिंट काढताना दरवेळी प्रिंटर, कागदाचा आकार, सीटीबी सगळं पुन्हा निवडावं लागतं. ड्रॉइंग सेव्ह करूनही ते राहत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लॉटच्या खिडकीत थेट ओके दाबलं तर निवडलेल्या गोष्टी फक्त त्या प्रिंटपुरत्या वापरल्या जातात. ओकेच्या आधी ‘अप्लाय टू लेआउट’ दाबा आणि मग ड्रॉइंग सेव्ह करा. त्या लेआउटला सगळं चिकटेल. अनेक लेआउटना तेच हवं असेल तर पेज सेटअपला नाव देऊन ठेवा, म्हणजे बाकीच्या लेआउटवर ते नुसतं निवडता येईल. आणि हे सगळं टेम्प्लेटमध्येच केलंत तर पुढच्या कुठल्याही ड्रॉइंगला करावं लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे आर्किटेक्टचं ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून जोडून त्यावर एअर कंडिशनिंगच्या डक्टची ड्रॉइंग करतात. एक्सरेफचे लेयर मी फिकट राखाडी करतो, पण फाइल बंद करून उघडली की मूळ रंग परत येतात.
— एक वाचक, दुबई

उत्तर : ‘व्हिसरिटेन’ टाइप करून पाहा. ते शून्य असेल तर एक्सरेफच्या लेयरमध्ये केलेले रंग, लाइनटाइप आणि चालू-बंदचे बदल तुमच्या ड्रॉइंगमध्ये साठत नाहीत आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलप्रमाणे दिसतात. किंमत १ करा, रंग पुन्हा बदला आणि सेव्ह करा. हे व्हेरिएबल ड्रॉइंगमध्ये साठतं, म्हणून प्रत्येक ड्रॉइंगमध्ये ते एकदा तपासावं लागेल. तुमच्या कंपनीच्या टेम्प्लेटमध्येच ते शून्य असेल तर तिथे दुरुस्त करा. एकट्या तुमचाच नाही, सगळ्या टीमचा त्रास वाचेल.

सर्व वाचकांना विनंती : सेटिंग उडालं की घाईने पुन्हा लावू नका. आधी ते कधी उडालं ते पाहा. नवीन ड्रॉइंग उघडल्यावर उडालं तर टेम्प्लेट तपासा, ऑटोकॅड बंद करून उघडल्यावर उडालं तर प्रोफाइल आणि फाइलची परवानगी तपासा, काम चालू असताना मध्येच उडालं तर लिस्प तपासा. आणि आपल्या ऑफिसचं टेम्प्लेट, प्रोफाइलची एआरजी फाइल आणि वापरात असलेले लिस्प यांची एक प्रत कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवा. कॉम्प्युटर बदलला, नवा सहकारी आला, तरी या तीन गोष्टींवर अर्ध्या तासात काम सुरू करता येतं.